मैफलीचे डावे-उजवे

आमच्या वसाहतीतल्या संगीत मंडळाची दिवाळी-पहाटेची बैठक जवळ आली, की कार्यकारिणीत तीन वाद ठरलेले. पहिला गवयाच्या बिदागीचा. तो खजिनदार मिटवतात. दुसरा चहाबरोबर चकली द्यावी की शंकरपाळे, याचा. तो महिला सभासद मिटवतात. तिसरा वाद गाणे जुने असावे की नवे, याचा. आणि तो कोणालाच मिटवता येत नाही, म्हणून दरवर्षी पुढच्या सभेवर ढकलला जातो. मी या मंडळाचा चिटणीस. मराठीचा प्राध्यापक आहे, पत्रे बरी लिहील, एवढ्याच गुणावर अकरा वर्षांपूर्वी हे पद माझ्या गळ्यात पडले. गाण्यातले मला फार कळते असा माझा दावा नाही. परंतु तंबोऱ्याची गवसणी निघाल्यापासून भैरवी संपेपर्यंत जागचे हलायचे नाही, एवढे व्रत मी विद्यार्थिदशेपासून पाळत आलो आहे.

वादाच्या दोन्ही बाजू वाचकांच्या परिचयाच्या असतील. पहिल्या रांगेतली वडीलधारी मंडळी म्हणतात, “अहो, ललत, तोडी, भैरव सोडून कोणी घरी बनवलेले राग घेऊन आले, तर ते ऐकायला आम्ही चार वाजता उठून अभ्यंगस्नान उरकायचे का?” मागच्या रांगेतली पोरे म्हणतात, “सर, तीच चीज, तीच तान आणि तीच दाद! पुढच्या वर्षी आम्ही अंथरुणातच मोबाइलवर लावू.” दोघांचेही म्हणणे ऐकताना मला पटते, हा माझा स्वभावदोष आहे. त्या दोषापायी पाच वर्षांपूर्वी माझ्या हातून एक चूक घडली. ती सांगितल्याखेरीज या विषयावर लिहिण्याचा मला अधिकार नाही.

वाढणाऱ्याची चूक

त्या वर्षी आम्ही एका तरुण गायिकेला बोलावले होते. घराण्याची रीतसर तालीम घेतलेली, आवाज पहाटेच्या हवेसारखा स्वच्छ. शिवाय ती स्वतः चिजा बांधी, आणि दोन-तीन नवे रागही तिने मांडले होते. मला वाटले, दोन्ही रांगा खूश करण्याची ही नामी संधी. म्हणून मी तिला पत्र लिहिले आणि कार्यक्रमाचा क्रमही मीच आखून दिला: आरंभी तिचा नवा राग, मग तिच्या नव्या चिजा, मध्यंतरानंतर जुने राग आणि शेवटी भैरवी. हिशेब असा, की तरुण मंडळी आधी येऊन बसतील, आणि वडीलधारे तर काय, बसलेले असतातच!

तिने एकदाच विचारले, “सर, एखादा नेहमीचा राग आधी घेतला तर?” मी ऐटीत म्हणालो, “अहो, तुम्ही निर्धास्त गा.”

पहाटे साडेपाचला तिने षड्ज लावला. राग कोणता हे पहिल्या रांगेला उमजेना. स्वर ओळखीचे वाटत आणि तेवढ्यात निसटून जात. काहीजण एकमेकांकडे पाहू लागले, एकाने पंचांग चाळावे तशी कार्यक्रमपत्रिका चाळली. पाऊण तासाने तिने दुसरी नवी चीज सुरू केली, आणि पहिल्या रांगेतून माझे मामा उठले. मामांचे उठणे साधे नसते. काठी, शाल, चष्म्याचे घर, सगळे गोळा करून ते उठतात. त्यांच्यामागोमाग आणखी सहा-सात जण उठले. गायिकेने ते पाहिले. पुढचे गाणे तिने शाळा सुटल्यावर दप्तर आवरावे तसे भराभर आवरले. तोडी सुंदरच झाली, परंतु ती ऐकायला अर्धी रांग रिकामी होती.

निघताना ती मला म्हणाली, “सर, तुमच्यावर राग नाही. पण यापुढे माझ्या चिजा मी घरीच गाईन.” बिदागीचे पाकीट तिने न उघडता पिशवीत टाकले आणि रिक्षात बसली. त्या दिवशी घरी फराळाचे ताट समोर आले, तेव्हा माझ्या घशाखाली करंजी उतरली नाही.

संध्याकाळी मी मामांकडे गेलो. मामा रेल्वेत नोकरीला होते. उमेदीच्या वयात त्यांनी पुण्याच्या सवाई गंधर्व महोत्सवात सतरंजीवर बसून रात्रीच्या रात्री जागवल्या आहेत. मी तणतणत म्हटले, “मामा, तुम्ही उठायला नको होते. त्या पोरीने गाणेच सोडले म्हणजे?”

मामा शांतपणे सुपारी कातरत म्हणाले, “अरे, पोरीचे काही चुकले नाही. चूक वाढणाऱ्याची. पानात आधी मीठ वाढतात, मग लिंबू, चटणी, कोशिंबीर डावीकडे, भाजी उजवीकडे. वरण-भातावर तूप पडल्यावर जेवायला सुरुवात. तू आम्ही पाटावर बसतो न बसतो तोच कधी न चाखलेले पक्वान्न वाढलेस, आणि वर म्हणतोस, खा! मी उठलो हे वाईटच केले. पण डावे-उजवे तुला कळायला हवे होते.”

त्या एका शब्दाने माझी पुढची दोन वर्षे खाल्ली. जुन्या-नव्याच्या भांडणात आपण नेहमी विचारतो, की जुने चांगले की नवे. मामांचा प्रश्न वेगळा होता. कशाशेजारी काय वाढावे, आणि कशानंतर? मग मी जुने लेख, चरित्रे, तबकड्यांची माहिती, जे मिळेल ते वाचू लागलो.

जुने म्हणजे किती जुने?

पहिला धक्का मला असा बसला, की आमच्या पहिल्या रांगेला जे ‘जुने’ वाटते त्यातले पुष्कळसे आपापल्या काळी बंडखोर ठरले होते. ख्यालच घ्या. दिल्लीचा बादशहा महंमदशहा रंगीले याची कारकीर्द १७१९ ते १७४८ अशी. त्याच्या दरबारातले बीनकार नियामत खाँ म्हणजेच आपले सदारंग. आजही शेकडो चिजांत त्यांची मुद्रा ऐकू येते. परंतु त्या काळी खरे भारदस्त गाणे म्हणजे धृपद. ख्यालाला प्रतिष्ठा मिळवून देणाऱ्या सदारंगांनी स्वतःच्या मुलांना मात्र ख्याल शिकवला नाही, अशी आख्यायिका आहे. ती खरी असो वा नसो, ख्यालाकडे त्या वेळी कोणत्या नजरेने पाहिले जात असे, हे तीवरून कळते.

हार्मोनियम घ्या. ती युरोपातून आलेली. मराठी रंगभूमीवर आणि बैठकीत ती रुजली, तरी १९४० साली रेडिओने तिला आपल्या कार्यक्रमांतून हद्दपार केले, आणि ही बंदी सुमारे तीस वर्षे टिकली. आज पेटीवाला आला नाही तर आमच्या पहिल्या रांगेचा जीव खालीवर होतो.

रागांचीही तीच कथा. हंसध्वनी हा मूळचा कर्नाटक संगीतातला राग. रामस्वामी दीक्षितरांनी तो अठराव्या शतकात निर्माण केला असे मानतात. तो आपल्याकडे आणण्याचे श्रेय भेंडीबाजार घराण्याच्या अमान अली खाँसाहेबांना देतात. ते १९५३ साली वारले. म्हणजे आपल्याकडचा हंसध्वनी फार तर आपल्या आजोबा-पणजोबांच्या वयाचा. तरीही आमचे सभासद गणेशोत्सवात त्याची फर्माईश करताना ‘परंपरेतले काहीतरी होऊ द्या’ असेच म्हणतात! अब्दुल करीम खाँसाहेबांनी तर ख्याल, ठुमरी, मराठी नाट्यपद आणि त्यागराजांची कृती अशा सगळ्यांच्या तबकड्या दिल्या. एका गळ्यातून उत्तर, दक्षिण आणि मराठी रंगभूमी वाहत होती. त्यांना कोणी ‘भेसळ’ म्हणत नाही.

आणि ज्या बैठकीच्या पावित्र्यासाठी आपण भांडतो, त्या बैठकीचा साचा तरी केव्हाचा? मोठा ख्याल, छोटा ख्याल, ठुमरी, एखादे नाट्यपद आणि भैरवीतले भजन किंवा अभंग. हा आराखडा आपल्याला वेदांइतका जुना वाटतो. त्यातले नाट्यपद मात्र संगीत नाटकापूर्वी येणार कोठून? अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘शाकुंतला’चा पहिला प्रयोग १८८० सालचा. गोविंदराव टेंब्यांनी ‘मानापमाना’ला चाली दिल्या त्या १९११ साली. भास्करबुवा बखल्यांनी ‘स्वयंवरा’ला संगीत दिले ते १९१६ साली. भास्करबुवा म्हणजे ग्वाल्हेर, आग्रा आणि जयपूर अशा तीन घराण्यांची विद्या पोटात घेतलेला गवई. त्यांनी रागदारीतल्या चिजांचे सोने नाटकाच्या मुशीत ओतले. तेच पुढे दागिना होऊन बैठकीत परत आले. म्हणजे आमच्या पहिल्या रांगेचे हक्काचे नाट्यपद हे ख्यालाशेजारी कधीकाळी नव्यानेच येऊन बसलेले पाहुणे आहे. ते आता घरचे झाले, इतकेच.

ते घरचे कसे झाले, हा मात्र महत्त्वाचा प्रश्न. ते ख्यालाच्या आधी येऊन बसले नाही. ख्यालाने कान तृप्त झाल्यावर, पानातल्या उजव्या बाजूला, आपल्या जागी येऊन बसले.

परदेशातल्या तीन पंक्ती

हा पेच आपल्याच मुलखातला आहे असे कोणी समजू नये. पाश्चात्त्यांच्या वाद्यवृंदांनाही तो शंभर-सव्वाशे वर्षे छळतो आहे, आणि त्यांनी केलेल्या तीन प्रयोगांची गोष्ट मला फार बोधप्रद वाटली.

पहिली पंक्त व्हिएन्नाची, ३१ मार्च १९१३ ची. आर्नोल्ड शोनबर्ग या क्रांतिकारक संगीतकाराने त्या संध्याकाळी वेबर्न, झेमलिन्स्की, बेर्ग आणि स्वतः अशा चौघांच्या रचना ओळीने मांडल्या. ज्यांच्या गाण्यांकडे श्रोत्यांनी थोडे आपुलकीने वळावे, त्या माहलरची पाळी सर्वांत शेवटी ठेवली होती. बेर्गची गाणी चालू असताना सभागृहात हुल्लड माजली, हातघाईवर प्रकरण गेले, पोलिसांना यावे लागले, आणि माहलरची गाणी झालीच नाहीत. वाचताना मला आमची पाच वर्षांपूर्वीची दिवाळी-पहाट आठवली. आमच्याकडे निदान पोलीस आले नव्हते!

दुसरी पंक्त त्याच शोनबर्गची. पोळलेल्या माणसाने १९१८ साली नव्या संगीतासाठी एक खासगी मंडळच काढले. सभासदांखेरीज कोणाला प्रवेश नाही. वृत्तपत्री टीकाकारांना मज्जाव. टाळ्या वाजवायच्या नाहीत आणि नापसंतीही दाखवायची नाही. आज काय वाजणार हे आधी सांगायचे नाही. मात्र अवघड रचना पुन्हापुन्हा वाजवायची, म्हणजे कानाला सवय होईल. यातले पुन्हापुन्हा वाजवणे मला मोलाचे वाटते. परंतु नव्याला असे सोवळ्यात ठेवले, की त्याचा रस्त्यावरच्या माणसाशी संबंध तुटतो. हे मंडळ तीन वर्षांच्या आसपास चालले आणि पैशाअभावी बंद पडले.

तिसरी पंक्त लंडनची. तेथे १८९५ साली रॉबर्ट न्यूमन या व्यवस्थापकाने आणि हेन्री वुड या तरुण वाद्यवृंदचालकाने स्वस्त तिकिटांच्या उन्हाळी मैफली सुरू केल्या. त्या ‘प्रॉम्स’ या नावाने आजही चालू आहेत. न्यूमनचे धोरण साधे होते. लोकांना आधी जे आवडते ते द्यावे, मग एकेक पायरी चढवावी, आणि शेवटी जुन्या श्रेष्ठ संगीताबरोबर नवे संगीत ऐकणारा समाजच तयार करावा. वुडने वर्षानुवर्षे ओळखीच्या रचनांच्या कुशीत एखादी नवी रचना ठेवण्याचा परिपाठ पाळला. १९१२ च्या सप्टेंबरात त्याने याच शोनबर्गच्या पाच वाद्यरचना लंडनकरांना प्रथम ऐकवल्या. श्रोत्यांनी सुस्कारे सोडून नापसंती दाखवली, हे खरे. पण १९१४ च्या जानेवारीत शोनबर्ग स्वतः लंडनला आला, त्याने त्याच रचना त्याच सभागृहात ऐकवल्या, तेव्हा लोकांनी त्या शांतपणे ऐकून घेतल्या. अवघ्या सोळा महिन्यांत एवढे घडले. रचना तीच होती, तिच्यातला एक स्वरही गोड झालेला नव्हता. बदलला होता तो ऐकणाऱ्याचा कान.

कुमारांची रीत

आपल्याकडे या बाबतीत कुमार गंधर्वांचे नाव घेतल्याशिवाय पुढे जाता येत नाही. १९२४ साली बेळगाव जिल्ह्यात जन्मलेला हा मुलगा मोठमोठ्या गवयांच्या तबकड्या हुबेहूब गाऊन दाखवी. १९३६ साली मुंबईच्या संगीत परिषदेत त्याने भल्याभल्यांना चकित केले. पुढे प्रो. बी. आर. देवधरांकडे तालीम झाली. देवधरमास्तर स्वतः पलुस्करांचे शिष्य. म्हणजे बंडखोरीच्या आधी तालीम होती, हे विसरता कामा नये.

मग क्षयाने गाठले. १९४८ साली ते हवापालटासाठी माळव्यात देवासला गेले. पाच-सहा वर्षे गाणे बंद. अंथरुणावर पडल्यापडल्या कानावर काय येई? बायाबापड्यांची माळवी लोकगीते. त्या धुनांत त्यांना रागांची बीजे दिसली. दुखण्यातून उठल्यावर त्यांनी त्या बीजांतून नवे राग उभे केले. त्यांना ते ‘धुनउगम राग’ म्हणत. संजारी, मालवती, लगनगांधार, सहेली तोडी अशी त्यांची नावे. १९६५ साली त्यांचा ‘अनूपरागविलास’ हा बंदिशींचा संग्रह निघाला. त्यात जुन्या रागांतल्या नव्या चिजा आहेत आणि नव्या रागांतल्या चिजाही आहेत. दोन्ही एकाच पुस्तकात, एकाच मांडवाखाली. त्या पुस्तकाची ही रचनाच मला बोलकी वाटते.

त्याहून मोठे काम त्यांनी केले ते कार्यक्रमाच्या आखणीत. ‘गीत वर्षा’, ‘गीत हेमंत’, ‘गीत वसंत’ या कार्यक्रमांत ऋतू हा धागा धरला, आणि त्या धाग्यात लोकगीत, पारंपरिक चीज आणि स्वतः बांधलेली चीज ओवली. पावसाळी मल्हारांच्या संगतीत एखादी कालपरवा बांधलेली चीज आली, तर श्रोता तिचे वय विचारीत नाही. तो म्हणतो, पाऊस पडतो आहे! ‘मला उमजलेले बालगंधर्व’ या कार्यक्रमाच्या नावात तर सगळी भूमिका आली. बालगंधर्वांची पदे जशीच्या तशी गाईन असे ते म्हणत नाहीत. मला उमजली तशी, म्हणतात. तेवढ्या प्रामाणिकपणावर पुष्कळांचे समाधान झाले नाही, आणि त्यावर घरोघर वादही झाले. पण गाणे चिरंतन राहायचे तर त्याच्यावर वाद घालणारी घरेही लागतातच.

मामांना मी विचारले, “तुम्ही कुमारांना पहिल्यांदा ऐकले तेव्हा काय वाटले?” ते हसले. “खरे सांगू? उठून जावेसे वाटले. हा मधेच आवाज तोडतो काय, एकदम वर जातो काय! पण त्यांनी आधी ग्वाल्हेरची एक चीज अशी मांडली होती, की म्हटले, या माणसाला घर माहीत आहे. हा वाट चुकलेला नव्हे, मुद्दाम दुसऱ्या वाटेने चाललेला आहे. मग बसलो.”

कानाची पूर्वतयारी

इतके वाचल्यावर आणि ऐकल्यावर मला माझ्या वर्गातली एक गोष्ट कळली. पहिल्या वर्षाच्या मुलांना मी अनेक वर्षे मर्ढेकर शिकवीत होतो, आणि अनेक वर्षे मुले जांभया देत होती. एका वर्षी वेळापत्रकाच्या गोंधळामुळे आधी तुकोबांचे अभंग शिकवून झाले आणि लगेच मर्ढेकर आले. मुलांच्या कानात अभंगाची चाल बसलेली होती. मर्ढेकरांनी १९४७ च्या ‘काही कविता’त गिरण्या, गर्दी आणि यंत्रे आणली, परंतु ती अभंगाच्या आणि ओवीच्या ओळखीच्या चालीवर आणली. मुलांनी चाल ओळखली आणि मग आशयाने दचकली. दचकणे हीच तर त्या कवितेची मागणी आहे! आधी चाल माहीत नसेल, तर दचकायला तरी कशावरून होणार?

गाण्यातही हेच. आपल्या बैठकीत नव्यासाठी दोन नैसर्गिक जागा तयारच आहेत, हे मला उशिरा समजले. पहिली जागा मोठ्या ख्यालानंतरची. विलंबित ख्यालात गवई राग सावकाश उलगडतो. अर्ध्या-पाऊण तासात आपल्या कानाला त्या रागाचे उंबरे, ओसरी, माजघर ठाऊक होते. त्याच रागात द्रुत लयीतली चीज येते तेव्हा ती नवी असली, तरी घर ओळखीचे असते. श्रोत्याला फक्त नव्या माणसाची ओळख करून घ्यायची असते. पुष्कळ गवई आपली स्वतःची चीज नेमकी येथेच ठेवतात.

दुसरी जागा तंबोरा पुन्हा जुळवण्याची. ललतासारख्या रागात पंचम नाही, म्हणून तंबोऱ्याची पहिली तार मध्यमात लावतात. नंतर तोडी घ्यायची तर ती पुन्हा पंचमात आणावी लागते. त्या दोन-तीन मिनिटांत आधीच्या रागाचा वास हवेतून जातो. आपण खाकरतो, मांडी बदलतो. पंक्तीत मधेच पाण्याचा घोट घ्यावा, तसा तो क्षण. नव्या रागाबद्दल गायकाने दोन शब्द सांगायचे तर ते येथे सांगावेत. दोनच. निवेदकाने येथे वीस मिनिटे भाषण केले, तर नवा राग गाण्याआधीच जुना होतो!

आणि एक जागा नव्याला कधी देऊ नये: अगदी शेवटची. भैरवीनंतर माणसे चपला शोधू लागतात. ‘जाता जाता माझी एक नवी रचना’ म्हणणे म्हणजे पाहुण्याला अंगणातून जेवायला वाढणे. त्यात नव्याचा अपमान आहे आणि गायकाचा स्वतःच्या चिजेवर विश्वास नाही, अशी कबुलीही आहे.

जुन्यालाही या शेजाराने काही मिळते काय? मला वाटते, जुन्यालाच अधिक मिळते. नवी चीज ऐकून पुन्हा सदारंगांकडे वळावे, तर सवयीने गुळगुळीत झालेले ते शब्द एकदम कोणी तरी, एका विशिष्ट दिवशी, बसून रचलेले वाटू लागतात. तीही कधीकाळी पहिल्यांदाच ऐकली गेली होती. तेव्हाही कोणी मामा शाल सावरीत उठले असतील!

पुन्हा तीच बैठक

दोन वर्षांनी मी त्या गायिकेला पुन्हा पत्र लिहिले. चार मसुदे फाडले. शेवटी एवढेच लिहिले, की मागल्या खेपेस चूक माझी होती. या खेपेस क्रम तुम्ही ठरवा. मात्र स्वतःच्या चिजांशिवाय येऊ नका. दहा दिवस उत्तर नाही. अकराव्या दिवशी फोन आला. “सर, येते. पण पहिल्या रांगेत तेच मामा असणार ना?” मी म्हटले, “असणार.” ती म्हणाली, “मग बरे.”

त्या पहाटे तिने ललत घेतला. पारंपरिक चीज, सावकाश, कोठेही घाई नाही. पहिली रांग पाठीवर रेलली. मग तंबोरा पंचमात आला आणि तोडी सुरू झाली. तोडीतला मोठा ख्यालही जुनाच. त्यानंतर, काहीच न सांगता, तिने द्रुत तीनतालात एक चीज सुरू केली. शब्द अगदी आजचे होते: पहाटे कामाला निघालेली आई, आणि दारात झोपाळू डोळ्यांनी उभे असलेले लेकरू. सासू-नणंदा, पिया, मंदिरवा यांच्या घोळक्यात हे लेकरू मी प्रथमच पाहिले. मागच्या रांगेतली एक मुलगी पदराने डोळे टिपीत होती. मी मामांकडे पाहायचे टाळले, आणि अर्थातच पाहिले. मामांची मान खाली होती. पण काठीच्या मुठीवर बोट तीनताल मोजत होते.

त्यानंतर तिने आपला नवा राग घेतला. तोच, पाच वर्षांपूर्वीचा. आधी दोन वाक्ये बोलली, की भैरवाच्या घरातून निघून कोठे जाता येते ते पाहण्याचा हा प्रयत्न आहे. फक्त वीस मिनिटे गायली. कोणी उठले नाही. सगळ्यांना तो आवडला असे मात्र मी म्हणणार नाही. आमचे खजिनदार नंतर म्हणाले, “ठीक होता. पण भैरवच घेतला असता तर?” त्यांना तसे म्हणण्याचा हक्क आहे. ऐकून घेऊन नापसंत करणे आणि ऐकण्याआधीच उठून जाणे, यांत फार अंतर आहे. मंडळाने श्रोत्याकडून एवढेच मागावे, की बसा. आणि मंडळाने श्रोत्याला एवढे द्यावे, की बसावेसे वाटेल असा क्रम.

चहाच्या वेळी मामा तिच्याजवळ गेले. ती उठून नमस्कार करू लागली, तसे म्हणाले, “बस, बस. तुझी ती तोडीतली दुसरी चीज. अंतरा जरा कोवळा आहे. अजून वर्षभर गा, मुरेल. पण पोरी, चीज त्याच अंगणातली आहे.” नव्या रागाविषयी ते चकार शब्द बोलले नाहीत. ती मात्र जाताना मला म्हणाली, “सर, अंतऱ्याचे त्यांचे खरे आहे. मलाही ती जागा सलत होती.”

आता मामा चौऱ्याऐंशी वर्षांचे आहेत आणि त्यांना ऐकू कमी येते. यंदाच्या दिवाळी-पहाटेला ती गायिका पुन्हा येणार आहे. कार्यकारिणीत तिसरा वाद नेहमीप्रमाणे झाला आणि नेहमीप्रमाणे मिटला नाही. तो मिटावा असे मलाही आता वाटत नाही. परवा मामांनी मला बोलावून घेतले आणि म्हणाले, “ती आई आणि लेकराची चीज पुन्हा गाणार आहे ना? सूर कानावर येतो, पण शब्द निसटतात रे. तेवढे तिच्याकडून विचारून मला मोठ्या अक्षरांत लिहून दे.”

मी तिला विचारून ते शब्द लिहून घेतले. अंतरा तिने बदलला आहे. जाड शाईने, एका ओळीला एक पान, असे सहा कागद मी मामांच्या उशाशी ठेवून आलो. जुन्या चिजांच्या त्यांच्या वहीत ते आता खोचलेले आहेत.